दाढ ठणकली की लवंग तेल कसं लावावं, आणि ओव्याच्या गुळण्या कशा कराव्यात

"दाढ लय ठणकून रायली बाप्पा, लवंगाचं तेल हाय का?" असं विचारत रात्री दहाला कुणी दारात उभं राहिलं, की बाटली द्यावीच लागते. शेवटची एसटी गेलेली असते आणि दातांचा डॉक्टर तालुक्याला. तेल कामाचं आहे, पण लावायची पद्धत बहुतेक घरांत चुकते. माझ्या मामीनं बाटली थेट दाढेवर उपडी केली होती. सकाळी हिरडी पांढरी पडून सोलवटली, आणि मग आठ दिवस भाकर दुधात कुस्करून खाल्ली.

लवंग तेल हे जवसाच्या किंवा तिळाच्या तेलासारखं नाही. ते वाफेनं काढलेला अर्क आहे आणि त्यात बहुतांश युजेनॉल असतं. युजेनॉलनं नस बधिर होते, म्हणून ठणका थांबतो. शिवाय ते जंतूच्या पेशीचं आवरण सैल करतं, आतला ऐवज बाहेर गळतो आणि जंतू मरतो. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स प्रयोगशाळेत असाच मरताना दिसतो. तोंडात मात्र हे जंतू सुटे नसतात. दातावरच्या चिकट थरात ते एकावर एक रचून बसतात आणि तेल वरवरच पोचतं. म्हणून आधी ब्रशनं थर मोडायचा, तेलाचा नंबर त्यानंतर.

लवंग तेल लावताना

तेल मेडिकलमधून आणा, बाटलीवर घटक आणि मुदत लिहिलेली पाहून. आठवडी बाजारातलं सुटं तेल दातासाठी नको. कोमट पाण्यानं खळखळून चूळ भरा आणि दाढेतलं अडकलेलं अन्न काढा. छोटा चमचाभर खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या, त्यात लवंग तेलाचा एकच थेंब टाका आणि नीट ढवळा. कापसाचा ज्वारीच्या दाण्याएवढा बोळा त्यात बुडवा, पिळा आणि चिमट्यानं किडलेल्या खड्ड्यावर ठेवा. हिरडी, गाल, जीभ यांना लागू देऊ नका. पाच मिनिटांनी बोळा काढा, लाळ थुंका, गिळू नका. दिवसातून दोन-तीनदा पुरे. आग झाली तर लगेच चूळ भरून थांबा.

लहान मुलांना हे तेल अजिबात नको. पोटात गेलं तर थोड्यानंही यकृताला इजा होऊ शकते, झटके येऊ शकतात. बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर, गडद काचेचीच ठेवा, आणि चुलीपासून लांब. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेलं तेल लवकर खराब होतं. गर्भवती बाई किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

रोजच्यासाठी ओवा

रोज वापरायला मला ओवाच बरा वाटतो. त्यातलं थायमॉल हे जंतुनाशक 1879 साली अमेरिकेत जोसेफ लॉरेन्स यांनी तयार केलेल्या लिस्टरिनमध्येही आहे, जोडीला मेन्थॉल आणि निलगिरीतलं युकॅलिप्टॉल. असली माउथवॉश ब्रशच्या जोडीनं रोज वापरली, तर दातावरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी होते. घरचा काढा त्यापेक्षा सौम्य असतो, म्हणून त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा धरा.

एक चमचा ओवा खलबत्त्यात भरड करा. पेलाभर पाणी उकळून गॅस बंद करा, ओवा टाका आणि लगेच झाकण ठेवा. सगळं इथंच आहे: ज्या वासानं घर भरतं, तेच औषध वाफेबरोबर उडत असतं. दहा मिनिटांनी गाळा, चिमूटभर मीठ घाला, कोमट झाल्यावर अर्धा मिनिट गुळणी करून थुंका. काढा रोज ताजा करा. फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासल्यावर लगेच गुळणी केली तर पेस्टचं फ्लोराइड धुऊन जातं, म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. त्यानं पडलेले तपकिरी डाग कुठल्याही तेलानं किंवा राखुंडीनं जात नाहीत, उलट घासून घासून दात झिजतात.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, खाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. जात नसतील, किंवा तोंडातला फोड, पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर तेल-काढा राहू द्या आणि थेट दवाखाना गाठा.

ठणका आपोआप थांबला तरी दात तपासून घ्या. कित्येकदा आतली नस मेलेली असते आणि पू खाली हाडाकडे सरकत असतो. गाल सुजला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी निघा. ग्रामीण रुग्णालयात दातांचा डॉक्टर कोणत्या दिवशी असतो हे आधी विचारून ठेवा. मोठं काम निघालं, तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. काय लावलं, कितीदा लावलं हे डॉक्टरांना सांगा, आणि खर्रा खात असाल तर तोही लपवू नका.