जनुकीय चाचणी आणि आयुर्विम्याचा अर्ज: आधी काय, नंतर काय

जनुकीय चाचणी आणि आयुर्विमा या दोन्ही गोष्टी मनात असतील, तर त्यांचा क्रम आधी ठरवावा. प्रस्तावपत्रातील, म्हणजे विम्याच्या अर्जातील, प्रश्नांची उत्तरे अर्जदाराने त्या वेळी असलेल्या माहितीनुसार द्यायची असतात. जे त्यालाच ठाऊक नाही ते लपवल्याचा ठपका त्याच्यावर येत नाही. त्यामुळे पॉलिसी आधी आणि चाचणी नंतर, हा क्रम बहुतेकांना सोयीचा पडतो. मात्र अर्जावर सही केल्यापासून पॉलिसी मंजूर होईपर्यंतच्या काळात अहवाल हाती आला, तर तो कळवावा लागू शकतो. पुढे विमा रक्कम वाढवताना किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू करतानाही आरोग्याची माहिती नव्याने मागितली जाते. अर्थात, उपचार ठरवण्यासाठी डॉक्टरांनी चाचणी सांगितली असेल, तर विम्यापायी ती लांबणीवर टाकू नये.

चाचणी कोणत्या प्रकारची आहे, हेही पाहावे. लक्षणे दिसू लागल्यावर केलेली चाचणी रोगाचे निदान करते आणि ते निदान इतर आजारांप्रमाणेच सांगावे लागते. धडधाकट माणसाने पुढचा धोका जाणून घेण्यासाठी केलेल्या चाचणीचे तसे नसते, आणि विमा कंपनीने निकाल विचारावा की नाही, हा खरा वाद तिच्याबाबतच आहे. बीआरसीए१ जनुकातील दोष कर्करोगाची शक्यता वाढवतो, पण रोग होईलच असे नाही; हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाचा दोष पूर्ण स्वरूपात असेल, तर मात्र रोग आज ना उद्या बहुधा प्रकट होतोच.

नियम देशागणिक बदलतात, म्हणून दुसऱ्या देशातील नातेवाइकाचा सल्ला जसाच्या तसा स्वीकारू नये. अमेरिकेच्या २००८ च्या संघीय कायद्याचे संरक्षण आरोग्य विमा आणि नोकरी यांपुरतेच आहे. आयुर्विमा त्यातून वगळलेला आहे, आणि नेमके हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. कॅनडात २०१७ च्या कायद्यानुसार चाचणी करण्याची किंवा निकाल उघड करण्याची अट घालता येत नाही. ब्रिटनमध्ये सरकार आणि विमा कंपन्यांची संघटना यांच्यातील संहितेनुसार धोका वर्तवणाऱ्या चाचण्यांपैकी फक्त हंटिंग्टनच्या चाचणीचा निकाल, तोही ५ लाख पौंडांहून अधिक रकमेच्या आयुर्विम्यासाठी, विचारता येतो.

आता प्रस्तावपत्र हाती घ्यावे आणि प्रश्नाचा शब्दन् शब्द वाचावा. ‘आपल्याला कोणता आजार आहे का?’ आणि ‘आपण गेल्या पाच वर्षांत कोणतीही तपासणी करून घेतली आहे का?’ हे दोन प्रश्न सारखे नाहीत. पहिल्याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असू शकते, पण दुसऱ्यात घरी नमुना घेऊन पाठवलेली चाचणीसुद्धा येऊ शकते. शंका आल्यास कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. एजंटच्या ‘ते लिहायची गरज नाही’ या तोंडी आश्वासनावर सही करू नये, कारण पुढे दावा नाकारला गेला तर झळ वारसांना बसते.

चाचणी टाळली म्हणून कुटुंबातील आजारांचा प्रश्न सुटत नाही. आईवडिलांना व भावंडांना कोणते आजार कोणत्या वयात झाले, हे अनेक प्रस्तावपत्रांत विचारलेले असते. वडिलांना हंटिंग्टन असेल, तर प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते आणि तेवढ्यावरूनही हप्ता वाढू शकतो. अशा अर्जदाराच्या चाचणीत दोष आढळला नसेल, तर तो अहवाल स्वतःहून जोडून हप्त्याचा फेरविचार करण्याची मागणी करावी.