सोलरचं अनुदान खात्यात का येत नाही? या चुका टाळा

छतावर पॅनल बसली, घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा नेट मीटर लागला, पुढच्या महिन्याचं बिलही घसरलं. पण अनुदानाच्या ७८ हजारांचा पत्ता नाही. घराच्या छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाल्यापासून ही तक्रार सोसायटीच्या मीटिंगपासून तालुक्याच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येते. सरकारला, महावितरणला किंवा सिस्टीम बसवणाऱ्या व्हेंडरला दोष देऊन मोकळं होता येतं, आणि कधीकधी दोष खरोखर त्यांचा असतोही. पण अडकलेली फाइल उघडली की गाठ बहुधा अगदी सुरुवातीला बसलेली दिसते. पैसे सगळ्यात शेवटी येतात, ते मिळणार की नाही हे मात्र पहिलं पॅनल वर चढण्याआधीच ठरलेलं असतं.

आकडा आधी नीट समजून घ्या

पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, बस्स. तीनच्या पुढे कितीही मोठी सिस्टीम बसवा, घरगुती ग्राहकाला ७८ हजारांवर रुपया वाढत नाही. ‘खर्चाच्या ४० टक्के सरकार देतं’ असं अजूनही कोणी सांगत असेल, तर तो जुन्या योजनेबद्दल बोलतोय. ‘पाच किलोवॅट घ्या, सबसिडी जास्त बसेल’ म्हणणारा मात्र तुम्हाला दोन किलोवॅट जादा विकतोय.

इथे एक बारीक गोष्ट निसटते. क्षमता मोजताना पॅनलची बेरीज आणि इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांपैकी जी कमी असेल ती धरतात. ५४० वॅटची पाच पॅनल म्हणजे २.७ किलोवॅट, कोटेशनवर ‘३ केडब्ल्यू सिस्टीम’ लिहिलं असलं तरी अनुदान बसतं ७२,६०० रुपये. सहा पॅनल लावली तर ३.२४ किलोवॅट होतात आणि पूर्ण ७८ हजारांचा हक्क येतो. पण त्याच सहा पॅनलना व्हेंडरने अडीच किलोवॅटचा इन्व्हर्टर जोडला, तर हिशेब अडीचचाच, म्हणजे ६९ हजार. म्हणून कोटेशनमध्ये ‘३ केडब्ल्यू’ एवढंच वाचून सही करू नका. पॅनल किती, प्रत्येकी किती वॅटचं, इन्व्हर्टर किती किलोवॅटचा, हे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

मीटर अजून वडिलांच्या नावावर

हे आपल्याकडचं घरोघरचं दुखणं. वडील जाऊन वर्षं झाली, घर मुलाच्या नावावर झालं, बिल मात्र वडिलांच्याच नावाने येतंय आणि मुलगा इमानेइतबारे भरतोय. एरवी कुणाचं काही अडत नाही. सोलरच्या अर्जात मात्र वीजबिलावरचं नाव आणि अनुदान ज्यात जमा व्हायचं त्या बँक खात्यावरचं नाव जुळावं लागतं. तिथे प्रकरण थांबतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: आधी महावितरणकडे नावात बदल, मग सोलरचा अर्ज. व्हेंडर म्हणतो, ‘ते नंतर बघू, आपण काम सुरू करू.’ त्याचं काम सुरू होतं, तुमचं अडकतं. आडनावाच्या स्पेलिंगपासून लग्नाआधीच्या नावापर्यंतचे सगळे फरकही याच टप्प्यावर मिटवून घ्या.

खातं कुठलं देता हेही बघा. गावाकडे बऱ्याच जणांचा रोजचा व्यवहार पतसंस्थेत असतो. पतसंस्थेच्या खात्याला आयएफएससी कोड नसतो, तिथे हे पैसे येऊ शकत नाहीत. शिवाय २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं: देना बँक गेली बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. घरातल्या जुन्या पासबुकावर आणि चेकबुकावर अजून जुनाच कोड छापलेला असतो आणि तोच फॉर्मात उतरतो. कॅन्सल चेकचा फोटो द्यायचा तर तो नव्या चेकबुकातला द्या.

पोर्टलवर मोबाइल नंबर कोणाचा?

‘साहेब, तुम्ही काही करू नका, सगळं आम्हीच भरतो.’ ऐकायला बरं वाटतं. मग व्हेंडरचा पोरगा योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर तुमचा ग्राहक क्रमांक टाकतो आणि नोंदणी स्वतःच्या मोबाइलवर करतो. ओटीपी त्याला, संदेश त्याला, अर्जाची स्थितीही त्यालाच दिसते. काम संपून तपासणी झाली, नेट मीटर लागला, की ग्राहकाने लॉगिन करून बँकेचा तपशील द्यायचा आणि अनुदानाची मागणी नोंदवायची असते. ते लॉगिनच तुमच्याकडे नसतं. तोवर पोरगा नोकरी सोडून गेलेला, आणि मालक म्हणतो, ‘बघतो, उद्या करतो.’

माझ्या मते सगळ्यात स्वस्तात टळणारी चूक हीच. नोंदणी स्वतःच्या नंबरवरून करा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक बिलावर वरच्या भागातच असतो. फॉर्म व्हेंडरने भरला तरी चालेल, ओटीपी तुमच्या फोनवर आला पाहिजे.

आणखी एक: दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जांना आता तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची गरज राहिलेली नाही. ‘फिजिबिलिटी काढून देतो’ म्हणून कोणी वेगळे पैसे मागत असेल, तर ते कशाचे, हे त्याला चारचौघांत विचारा.

‘मेड इन इंडिया’ आणि डीसीआर एकच नव्हे

अनुदान कायमचं बुडतं ते इथे, कारण ही चूक मागाहून दुरुस्त होत नाही. योजनेत डीसीआर पॅनलच चालतात, म्हणजे पॅनल भारतात बनलेलं आणि आतले सेलही भारतात बनलेले. परदेशातून सेल आणून इथे जोडलेल्या पॅनलवरही ‘मेड इन इंडिया’ छापता येतं. ते खोटंही नसतं, पण ते डीसीआर नव्हे. डीसीआर पॅनल महाग पडतं, म्हणून एखादं कोटेशन बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त आलं तर आनंदाआधी हा प्रश्न विचारा.

कोटेशनवर, करारावर आणि बिलावर तिन्ही ठिकाणी ‘डीसीआर’ हा शब्द आणि पॅनलचं मॉडेल हवं. माल घरी आला की मजुरांना दोन मिनिटं थांबवा. अनुक्रमांकाचं स्टिकर पॅनलच्या पाठीला असतं. एकदा पॅनल स्ट्रक्चरवर आवळलं गेलं, की खाली आडवं पडून, मान वाकडी करून, टॉर्च मारत ते वाचावं लागतं, आणि टाकीलगतच्या पॅनलचं तर तेही जमत नाही. त्यामुळे पॅनल भिंतीला टेकवलेली असतानाच प्रत्येक स्टिकरचा फोटो काढा. हेच क्रमांक व्हेंडर पोर्टलवर भरतो, आणि पॅनल खरंच डीसीआर आहे का ते राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या पडताळणी पोर्टलवर याच क्रमांकांवरून तपासता येतं. पोर्टलवरचा एक क्रमांक आणि छतावरचा दुसरा, असं निघालं तर तपासणीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

किती किलोवॅट? बिल काढून बसा

अनुदान तीन किलोवॅटपर्यंत आहे म्हणून तीनच घ्यायचे, हा हिशेब नव्हे. साधारण एक किलोवॅट महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट देतो आणि त्याला शंभरेक चौरस फूट, सावली नसलेली जागा लागते. समजा, तुमचा वापर ३२० युनिट आहे. दोन किलोवॅटमधून सव्वादोनशेच्या आसपास युनिट वजा झाली की उरलेली शंभरेक युनिट सगळ्यात स्वस्त टप्प्यात जातात. महागडी युनिट पहिल्या दोन किलोवॅटनीच खाल्ली. तिसरा किलोवॅट आता फक्त स्वस्तातली युनिट वाचवणार, आणि त्यालाच अनुदान कमी. पुढे एसी किंवा इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा पक्का विचार असेल तर तीन घ्या, नाहीतर दोनवर थांबण्यात शहाणपण आहे.

जादा तयार झालेली युनिट महावितरणकडे जमा राहतात आणि पुढच्या महिन्यांत वापरता येतात. उन्हाळ्यातली जमा पावसाळ्यात उपयोगी पडते, ती याच सोयीमुळे. पण हे खातं ३१ मार्चला मिटतं. तेव्हा उरलेल्या युनिटांचा मोबदला आपण बिलात भरतो त्या दराने मिळत नाही, त्याहून बराच कमी मिळतो. वीज विकून पैसे कमावण्याची स्वप्नं घरगुती छतावर रंगवू नयेत. शून्य बिलाची जाहिरातही जरा सैल हाताने वाचा: स्थिर आकार राहतोच.

आणि लोडशेडिंगमध्ये बॅटरी नसलेली ही सिस्टीम बंद पडते. बाहेरचा पुरवठा गेला की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. बॅटरी हवी असेल तर घ्या, पण तिच्यासाठी या योजनेत वेगळा पैसा नाही.

करसवलतीचा गैरसमज

दर मार्चमध्ये हा प्रश्न येतो: ‘सोलरचा खर्च रिटर्नमध्ये कुठे दाखवायचा?’ राहत्या घरावर पॅनल बसवली म्हणून आयकरात वेगळी वजावट नाही. ४० टक्के घसाऱ्याची (यंत्राच्या झिजेपोटी मिळणाऱ्या वजावटीची) गोष्ट ऐकली असेल, ती व्यवसायासाठी आहे, घरासाठी नव्हे. आणि यूट्यूबवरची ‘३० टक्के टॅक्स क्रेडिट’ची भाषा अमेरिकेतली. तिथेही घरगुती सौरयंत्रणेचं ते केंद्रीय क्रेडिट २०२५च्या नव्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला बंद झालं आहे. न्यू जर्सीतल्या भावाने २०२५मध्ये ॲडव्हान्स दिला आणि काम २०२६मध्ये पुरं झालं, तर त्याला ते मिळत नाही. तिथे काम पूर्ण झाल्याची तारीख धरतात.

आपल्याकडे करातला फायदा आहे तो बिलातच, आणि तो तपासायला लोक विसरतात. २२ सप्टेंबर २०२५पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सामान आणि बसवणूक मिळून दिलेल्या कामात ७० टक्के रक्कम सामानाची आणि ३० टक्के सेवेची धरतात, सेवेवर १८ टक्के. म्हणजे पूर्वी एकूण १३.८ टक्के पडायचे, आता ८.९. दीड लाखाच्या कामावर ७,३५० रुपयांचा फरक. जुन्या साच्यातलं कोटेशन पुढे सरकवणारे आहेत, तेव्हा कराची ओळ बोट ठेवून वाचा.

महापालिकेच्या मिळकतकराकडेही बघा. पुण्यात सौर ऊर्जा, पर्जन्य जलसंधारण, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि एकाहून जास्त असतील तर १० टक्के सवलत आहे. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते, आणि प्रकल्प चालू स्थितीत दाखवावा लागतो.

वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत असेल किंवा कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राज्याची ‘स्मार्ट’ योजना आधी बघा. एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्य दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५ हजार आणि इतरांना १० हजार देतं. अशा घराला तीन किलोवॅट गळ्यात मारणं ही निव्वळ लूट आहे.

कर्ज घ्यायचं तर व्हेंडरच्या ‘झिरो डाउन पेमेंट’आधी सरकारी कर्जयोजनांचं जनसमर्थ पोर्टल उघडा. तीन किलोवॅटपर्यंत विनातारण कर्ज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराच्या वर अर्धा टक्का, एवढ्या व्याजाने मिळायची सोय आहे. ‘तुमची सबसिडी आम्ही वजा करून घेतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. अनुदान ग्राहकाच्या नावे येतं, व्हेंडरच्या नाही.

अडकलंच असेल तर

आधी स्वतः लॉगिन करून अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा, कारण दार टप्प्याप्रमाणे बदलतं. बसवणुकीचा तपशील भरलेला नसेल तर व्हेंडर. तपासणी किंवा मीटर बाकी असेल तर महावितरणचा तुमचा उपविभाग, आणि तिथे फोनपेक्षा अर्जाची पोच घेतलेली बरी. तपासणी मंजूर असूनही मागणी नोंदवलेली नसेल तर ते तुमचंच काम. बँक तपशील नाकारला गेला असेल तर नाव, खाते क्रमांक, कोड या क्रमाने पासबुकाशी ताडून पुन्हा भरा. आणि यातलं सगळं बरोबर असून महिना उलटला, तर पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५५५ या हेल्पलाइनवर फोन करा; अर्ज क्रमांक आणि मीटर बसवल्याची तारीख हाताशी ठेवून.

व्हेंडरचा शेवटचा हप्ता तोवर दिला नसेल तर उत्तमच. करार करतानाच दहा टक्के रक्कम नेट मीटर लागून सगळी कागदपत्रं पोर्टलवर चढल्यावर देण्याची अट घाला. पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही त्याचीच असते, तीही त्याच कागदावर येऊ द्या.