ऑफिसला लेझर प्रिंटर घेताय? आधी चिप विचारा

दुकानात जायच्या आधी जुना प्रिंटर खरंच गेलाय की नुसती कार्ट्रिज (आतला काळ्या पावडरचा डबा) गेलीय, ते ठरवा. कागदावर उभी काळी रेघ येत असेल तर बहुतेक वेळा ड्रमवर, म्हणजे पावडर कागदावर उमटवणाऱ्या गोल नळकांड्यावर, ओरखडा असतो. साध्या मॉडेलांत ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, म्हणजे कार्ट्रिज बदलली की रेघ गेली. कागद ओढत नसेल तर पिकअप रोलर बघा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला लागून ऑफिस असेल तर हे होणारच. कापसाचे तंतू रोलरवर बसतात, रबर गुळगुळीत होतं आणि कागद जागेवरच घसरतो. ओलसर फडक्याने पुसून बघा, कधी कधी तेवढ्यावर भागतं. पण छापलेलं अक्षर बोटाने घासल्यावर पुसलं जात असेल, तर पावडर वितळवून कागदावर चिकटवणारा फ्यूझर नीट तापत नाहीये. जुन्या मशीनवर तो खर्च करू नका. नवीन घ्या.

आता चिप, म्हणजे कार्ट्रिजवरचा छोटा इलेक्ट्रॉनिक तुकडा, ज्यावरून प्रिंटर कार्ट्रिज ओळखतो. याच मुद्द्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय. जी कार्ट्रिज लागणार आहे तिच्यावर चिप आहे का? एचपीच्या जुन्या १२ए कार्ट्रिजला चिप नव्हती, त्यामुळे पावडर भरली की गाडी चालू. त्याच सवयीने मागच्या वेळी मी चिपचं काही न विचारता मशीन उचललं. पहिली कार्ट्रिज संपली, रिफिल करून घातली, आणि प्रिंटर ती ओळखेचना. दारात माल भरलेला टेम्पो उभा आणि बिलं शेजारच्या कारखान्यातून छापून आणायची, असली वेळ तुमच्यावर नको. दुकानदाराला ‘रिफिल होतं का?’ एवढंच विचारलंत तर तो ‘होतं की ओ’ म्हणणार. खोटंही नसतं ते, पावडर कशातही भरता येते. प्रश्न असा विचारा: भरल्यावर प्रिंटर ती घेतो का, चिप बदलावी लागते का, ती चिप सोलापुरात मिळते का आणि कितीला? आणि हे विकणाऱ्याला नाही, तुमच्या नेहमीच्या रिफिलवाल्याला विचारा. मॉडेल नंबर त्याला व्हॉट्सअॅप करा, पैसे त्याच्या उत्तरानंतर द्या.

पानांचा हिशोब करा. जीएसटीत मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: गिऱ्हाइकाची, ट्रान्सपोर्टची, आपली. दिवसाला २५ बिलं धरली तरी ७५ पानं, वर पॅकिंग लिस्ट, ई-वे बिल, खातेउतारे. महिन्याला अडीच-तीन हजार सहज होतात. खोक्यावर ‘मंथली ड्यूटी सायकल’ म्हणून मोठा आकडा छापलेला असतो, त्याला भुलू नका. ती कमाल मर्यादा आहे, रोज तेवढं ओढायचं नसतं. माहितीपत्रकात ‘रेकमेंडेड’ म्हणून त्याहून बराच लहान आकडा असतो, तो तुमच्या महिन्याच्या पानांपेक्षा मोठा हवा.

कार्ट्रिज किती पानं देते तेही बघा. एचपीच्याच ८८ए ची अधिकृत क्षमता १,५०० पानं, १२ए ची २,०००. हे आकडे पानाचा साधारण ५ टक्के भाग काळा होतो असं धरून काढलेले असतात. तुमच्या बिलावर काळी पट्टी आणि ठसठशीत लोगो असेल तर तेवढी पानं निघणार नाहीत. शिवाय नव्या मशीनबरोबर येणारी कार्ट्रिज बऱ्याचदा अर्धवट भरलेली असते. ब्रदर कंपनीच्या बऱ्याच मशीनांत टोनर (पावडरचा डबा) वेगळा आणि ड्रम वेगळा. टीएन-२३६५ टोनर २,६०० पानांचा, त्याचा ड्रम १२,००० पानांचा. रोजचा खर्च कमी पडतो, पण ड्रमची किंमत आजच विचारून ठेवा, नाहीतर वर्षभरात दणका बसतो. कुठलीही कंपनी असो, कार्ट्रिजची किंमत भागिले पानं. मशीन दोन हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून खूश होणारे लोक हा भागाकार करत नाहीत. आणि चिप असेल तर भागाकारात रिफिलचा भाव धरायचा नाही, नव्या कार्ट्रिजचा धरायचा!

वीज. लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नका. फ्यूझर २०० अंशांच्या आसपास तापतो आणि त्या क्षणी हजार वॅटच्या घरात वीज खेचतो. ६०० व्हीएचा यूपीएस नुसता बोंबलतो आणि बंद पडतो. प्रिंटर सरळ भिंतीच्या सॉकेटला, अर्थिंग असलेल्या.

लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायची जागा) असलेलं मशीन घ्या. यूएसबीने अकाउंटंटच्या कॉम्प्युटरला जोडून शेअर केलेला प्रिंटर म्हणजे तो जेवायला जाताना मशीन बंद करून गेला की सगळं ऑफिस ठप्प. नेटवर्कला जोडलंत की मात्र लगेच सेटिंगमध्ये जाऊन फर्मवेअरचं (प्रिंटरच्या आतल्या प्रोग्रॅमचं) आपोआप अपडेट बंद करा. काही मॉडेलं कालपर्यंत चालणारी रिफिलची चिप अपडेटनंतर नाकारतात. म्हणजे चिप विकत घेताना एकदा बघायची आणि जोडताना पुन्हा. काही मॉडेलांत मूळ कार्ट्रिज आणि सतत इंटरनेट ही अटच असते, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. तसलं मशीन फुकट दिलं तरी नको.

सर्व्हिस सोलापुरात आहे की मशीन पुण्याला जातं? अडीचशे किलोमीटर लांब गेलेलं मशीन कधी परत येईल ते कुणी सांगत नाही. वॉरंटीत एक कंपनीची कार्ट्रिज जवळ ठेवा, मेकॅनिक आला की पहिलं बोट रिफिलकडेच दाखवतो.

ड्युप्लेक्स, म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापणारं, घ्या. स्कॅनर लागत असेल तर घ्या, उगाच नको. टॅलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ असेल तर ड्रायव्हर मिळतो का बघा. कागद ७५ जीएसएम, रीम बंद ठेवायची. मशीनवर कापड टाकायचं, पण थंड झाल्यावर. मार्चएंडला आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत खरेदी नको, जोडून द्यायला माणूस मिळत नाही.

दुकानात तुमचंच बिल, तुमच्याच कागदावर, दहा-वीस प्रती छापून घ्या. खोकं आणि पावती ठेवा, आणि पावतीवर सिरियल नंबर लिहून घ्या. चिपचं विचारलंत ना?