स्टार्टेड टास्क कोणाच्या नावावर चालतो? मेनफ्रेमवर नव्याने येणाऱ्यांसाठी

मेनफ्रेमच्या प्रोजेक्टवर आलेल्या मुलामुलींना सुरुवातीला जेसीएल, म्हणजे सिस्टिमला काम सांगण्याची भाषा, शिकवतात. जॉब, एक्झेक आणि डीडी ही तीन स्टेटमेंटं, डिस्प, स्पेस, कंडिशन कोड. बॅच जॉब सबमिट करून झीरो रिटर्न कोड आला की जेसीएल जमलं असं वाटतं. मग सिस्टिम्स टीममध्ये बदली होते, कोणीतरी एक प्रॉक (तयार ठेवलेलं जेसीएल) हातात देऊन म्हणतं, 'याचा स्टार्टेड टास्क करून दे,' म्हणजे कन्सोलवरच्या कमांडने सुरू होऊन बहुधा सतत चालणारा प्रोग्राम, आणि तेच ओळखीचं जेसीएल एकदम परकं वाटायला लागतं. पुण्यात बसून परदेशातल्या बँकांच्या झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) सिस्टिम्स सांभाळताना हे गोंधळलेले चेहरे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बॅच जॉबचा रस्ता लांब असतो. जॉब सबमिट झाला की जेईएस (जॉब सांभाळणारी उपप्रणाली) तो वाचतं, कन्व्हर्टर त्याच्या चुका शोधतो, जॉब आपल्या क्लासच्या रांगेत थांबतो आणि मोकळा इनिशिएटर (जॉब चालवणारा घटक) तो उचलतो. युजर आयडी आपोआप येतो, कारण जॉब कोणी सबमिट केला हे सिस्टिमला माहीत असतं. स्टार्टेड टास्कला ही रांग नाही. ऑपरेटर कन्सोलवर स्टार्टची कमांड देतो, किंवा आयपीएलच्या (सिस्टिम बूट होण्याच्या) वेळी पार्मलिब या सेटिंग्जच्या लायब्ररीमधल्या कमांडची यादी ती देते, आणि टास्कसाठी थेट मेमरीची स्वतंत्र जागा, म्हणजे नवी अ‍ॅड्रेस स्पेस उघडते. सबमिट करणारा माणूसच नाही, म्हणून जे बॅचमध्ये फुकट मिळत होतं ते सगळं इथे आधी ठरवून ठेवावं लागतं.

सगळ्यात आधी ठरवायची ती ओळख. रॅकफमध्ये (परवानग्या सांभाळणाऱ्या सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये) स्टार्टेड नावाचा क्लास आहे. त्यात प्रॉकच्या नावाचं प्रोफाइल करायचं, एसटीडेटा सेगमेंटमध्ये युजर आणि ग्रुप द्यायचा आणि क्लास रिफ्रेश करायचा. रिफ्रेश राहिला तर प्रोफाइल दिसतं, पण लागू होत नाही. युजर आयडी नोपासवर्ड ठेवा, म्हणजे तो प्रोटेक्टेड होतो. साधा आयडी असेल तर कोणीही त्याचा पासवर्ड चारदोन वेळा चुकीचा टाकून तो रिव्होक (बंद) करू शकतं, आणि हे कळतं पुढच्या आयपीएलला टास्क उठत नाही तेव्हा.

लॉग कसा वाचायचा ते एका टास्कवर बघू. प्रॉकचं नाव लॉगमॉन धरा. कमांड दिल्यावर आयईएफ६९५आय हा मेसेज शोधा. लॉगमॉन कोणत्या युजरला आणि कोणत्या ग्रुपला जोडला गेला हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे अपेक्षित युजर नसेल तर पुढचं काहीही वाचण्यात अर्थ नाही, आधी प्रोफाइल बघा. युजर बरोबर आहे, तरी टास्क एस९१३ने (परवानगी नाकारल्याच्या कोडने) पडला, तर आयसीएच४०८आय गाठा. कोणता युजर, कोणता डेटासेट, कोणता अ‍ॅक्सेस हवा होता आणि कोणता मिळाला, चारही गोष्टी त्या एका मेसेजमध्ये असतात. अपडेट हवा होता आणि रीड मिळाला असं दिसलं, की सिक्युरिटी टीमला नेमकं तेवढंच मागता येतं.

इथे एक आग्रहाने सांगते. घाई असते, मॅनेजर मागे उभा असतो, आणि कोणीतरी सुचवतं की 'ट्रस्टेड येस करून टाक.' करू नका. ट्रस्टेड टास्कला रॅकफच्या बहुतेक तपासण्या लागतच नाहीत. प्रिव्हिलेज्ड केलं तर त्याने काय उघडलं याची नोंदही राहत नाही. बँकेच्या सिस्टिमवर असं दार उघडं ठेवणं म्हणजे पुढच्या माणसाच्या गळ्यात फास टाकणं आहे.

दुसरी गोष्ट, प्रॉक कुठून येतो. प्रॉकलिबमध्ये (प्रॉक शोधण्याच्या जागेत) बऱ्याच लायब्ररी एकापाठोपाठ लावलेल्या असतात आणि जो मेंबर (लायब्ररीतली फाइल) पहिल्यांदा सापडेल तो चालतो. एकाच नावाचा मेंबर दोन लायब्ररींत असेल आणि तुम्ही मागचा एडिट करत बसलात, तर कितीही सेव्ह केलं तरी वागणूक बदलणार नाही. म्हणून एडिट करण्याआधी जेईएस२ला प्रॉकलिबचा क्रम विचारा. जेईएसच्या आधी उठणारे टास्क मास्टर सबसिस्टिमखाली चालतात. त्यांची लायब्ररी मास्टर जेसीएलमधल्या आयईएफपीडीएसआय या डीडीवरून ठरते. खुद्द जेईएस२ही असाच एक टास्क आहे.

सिम्बॉलिकमध्ये (जेसीएलमधल्या, किंमत बदलता येणाऱ्या नावांमध्ये) मात्र स्टार्टेड टास्कचं सुख आहे. प्रॉक स्टेटमेंटवर एचएलक्यूची (डेटासेटच्या नावाच्या पहिल्या भागाची) डीफॉल्ट किंमत असते आणि स्टार्ट कमांडमध्येच स्वल्पविराम देऊन ती बदलता येते. शिवाय सिसनेमसारखे सिस्टिम सिम्बॉल थेट वापरता येतात, त्यामुळे एकच प्रॉक चार एलपारवर (एका मशीनचे वेगळे केलेले भाग) चालतो. बॅचला ही सोय झेड/ओएस २.१ पासून, म्हणजे २०१३ मध्ये मिळाली, तीही जॉबक्लासवर परवानगी दिली तरच.

आता बॅचच्या सवयी. बॅचमध्ये डिस्प ओल्ड (डेटासेट दुसऱ्या कोणाला मिळू नये) लिहिलं तर जॉब दहा मिनिटांत संपतो आणि डेटासेट मोकळा होतो. स्टार्टेड टास्क महिनाभर चालतो, आणि तेवढे दिवस तो डेटासेट धरून बसतो. रात्रीचा बॅच येतो आणि 'वेटिंग फॉर डेटा सेट्स' म्हणत उभा राहतो. डेटासेट कोणी धरलाय हे कन्सोलवर डी जीआरएस कमांडने सिसडीएसएनखाली त्याचं नाव देऊन कळतं. जिथे चालेल तिथे शेअर लिहा. टाइम नोलिमिट किंवा १४४० द्या, नाहीतर कामाची वाट बघत शांत बसलेला टास्क एस५२२ने (फार वेळ वाट बघितल्याच्या कोडने) पडू शकतो. सिसआउट, म्हणजे टास्कचं आउटपुट, किती साठतंय याकडेही लक्ष हवं, कारण न थांबणारा टास्क स्पूल (आउटपुट साठवायची डिस्कवरची जागा) भरत राहतो.

टास्क थांबवण्याचं मात्र कोणी शिकवत नाही. पी, म्हणजे स्टॉप, कमांड तेव्हाच चालते जेव्हा प्रोग्राम ती ऐकायला लिहिलेला असतो. नसेल तर रिजेक्टेड, टास्क बिझी असं उत्तर येतं आणि कॅन्सल करावं लागतं, मग लॉगमध्ये एस२२२ (कॅन्सल केल्याचा कोड) दिसतो. फोर्स हा अगदी शेवटचा उपाय आणि तो सीनियरला विचारल्याशिवाय देऊ नये. नवा प्रॉक हातात आला की तो कसा बंद करायचा हे व्हेंडरच्या मॅन्युअलमध्ये आधी वाचा आणि प्रॉकच्या वरच कमेंटमध्ये लिहून ठेवा. रात्री दोन वाजता कन्सोलवर बसलेल्या ऑपरेटरला त्याचा फार आधार असतो.

सराव कुठे करायचा हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आयबीएमचं झेड एक्स्प्लोर फुकट आहे आणि जेसीएलसाठी चांगलं आहे, पण तिथे कन्सोल आपल्या हातात नसतो. त्यासाठी स्वतःच्या लॅपटॉपवर हर्क्युलीस (मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) टाका आणि त्यावर एमव्हीएस ३.८ (झेड/ओएसचा जुना पूर्वज) उठवा. सिस्टिम जुनी आहे, पण स्टार्ट, स्टॉप, मॉडिफाय आणि कॅन्सल तिथेही आहेत. आयईएफबीआर१४ (काहीही न करता संपणारा प्रोग्राम) चालवणारा दोन ओळींचा प्रॉक लिहा, प्रॉकलिबमध्ये ठेवा आणि कन्सोलवरून सुरू करा. तो लगेच संपेल. मग त्याला एक सिम्बॉलिक द्या, स्टार्ट कमांडमधून त्याची किंमत बदला आणि आउटपुटमध्ये जेसीएलची ओळ कशी उलगडली ते बघा. त्यानंतर टीएसओमध्ये (मेनफ्रेमवर लॉगिन करून काम करण्याच्या सेशनमध्ये) एक डेटासेट ओल्डने अ‍ॅलोकेट करून ठेवा आणि तोच मागणारा बॅच जॉब सबमिट करा. तो का थांबला हे कन्सोलवरचे मेसेज वाचून स्वतः शोधा.