खाली जिम, वर बेडरूम : ध्वनी-अहवालाच्या कामातले सुरुवातीचे दिवस

पहिल्या साइटवर मी आवाज मोजायचा मीटर, तिपाई आणि गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वास घेऊन गेलो होतो. तळमजल्यावर दुकानं, रेस्टॉरंट आणि जिम, मधे ऑफिसं, वर फ्लॅट अशी इमारत उभी राहणार होती, तिथे कुणाला किती आवाजाचा त्रास होईल याचा अहवाल आम्हाला द्यायचा होता, आणि शेजारून वाहता रस्ता होता. आवाजाचा प्रश्न म्हणजे हा रस्ता, अशी माझी पक्की समजूत. या क्षेत्रात येणारे बहुतेक जण याच समजुतीने येतात.

रस्त्याचं गणित मात्र त्यामानाने सोपं असतं. डेसिबलची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी होत नाही. ६० आणि ६० मिळून ६३ होतात. म्हणजे गाड्यांचा वेग आणि अवजड वाहनांचं प्रमाण तेच राहून रहदारी दुप्पट झाली, तरी पातळी वाढते ती ३ डेसिबलनेच. एका इमारतीमुळे रहदारी दुप्पट होणं तसं दुर्मीळच. रस्त्याचा त्रास नव्या फ्लॅटना होतो हे खरं, आणि त्यासाठी काचा, खिडक्या बघाव्याच लागतात. पण मिश्र वापराच्या इमारतीत खरी भांडणं तिच्या पोटातच असतात.

आधी मोजणीबद्दल. मीटर लावण्याआधी आणि काढल्यावर कॅलिब्रेटर, म्हणजे ठरावीक आवाज काढून मीटर तपासणारं उपकरण, लावायचा. तो १००० हर्ट्झला ९४ डेसिबल देतो, आणि दोन्ही वेळच्या आकड्यांत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला तर त्या मोजणीवर विसंबू नका. माइक जमिनीपासून १.२ ते १.५ मीटरवर आणि भिंतींपासून साधारण ३.५ मीटर लांब ठेवा, नाहीतर भिंतीवरून परतलेला आवाज आकडा ३ डेसिबलपर्यंत फुगवतो. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की सरळ सामान आवरायचं. हे सगळं कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडेल. वहीत काय लिहायचं ते सापडत नाही. मी तेव्हा वहीत फक्त वेळ आणि आकडे लिहायचो.

त्याचा फटका लगेच बसला. रात्रीची नोंद घेऊन ऑफिसात आलो. माझं काम तपासणाऱ्या मॅडमनी आलेख पाहिला आणि रात्री २ ते ४ च्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "ही रेघ बघ. पट्टी धरून काढल्यासारखी आहे. शहर असं सपाट झोपत नाही रे. तिथे काय चालू होतं?"

मला आठवेना. पुन्हा गेलो तर मागच्या इमारतीचा एक्झॉस्ट फॅन बेअरिंग घासत रात्रभर घरघरत होता. आदल्या खेपेला मी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून चहा पीत होतो! पुढे तो दुरुस्त झाल्यावर मोजलं, तेव्हा पार्श्वभूमीचा आवाज ७ डेसिबलने उतरलेला निघाला. हा फरक महत्त्वाचा का? नव्या यंत्रांचा आवाज बहुधा याच पार्श्वभूमीशी, म्हणजे वेळेच्या ९० टक्के भागात जी पातळी ओलांडलेली असते तिच्याशी ताडून पाहतात. मी पहिला आकडा दिला असता, तर छतावरच्या चिलरना (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रांना) फुकटची सूट मिळाली असती, आणि फॅन दुरुस्त झाल्याच्या दिवशी लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या असत्या. तेव्हापासून वहीत आकड्याशेजारी कानाने ऐकलेलं लिहितो : कुत्री, शटर, रिव्हर्सचा भोंगा, लिफ्टची मोटर.

आता जिम. मी तासाची सरासरी काढली, वरच्या बेडरूमचा आकडा मर्यादेत बसला, मी खूश. पण सरासरीची गंमत बघा. सेकंदभराचा ६० डेसिबलचा दणका तासभराच्या सरासरीत पसरला की जेमतेम २४ उरतो. कागदावर तो नाहीच. पलंगावर झोपलेला माणूस मात्र दचकून उठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत बेडरूमसाठी दोन वेगळे आकडे आहेत ते याचमुळे : रात्रीची सरासरी ३० डेसिबल आणि एकेका आवाजाचा कमाल टप्पा ४५.

शिवाय वजन आपटल्याचा दणका हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो. भिंत जाड करून काही होत नाही. जमीनच स्प्रिंगवर किंवा रबरावर तरंगती करावी लागते. आणि संगीताचा बास? आपण रोज वापरतो ते ए-भारण, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे आकडा जुळवणारी गाळणी, ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल कापून टाकतं. छाती हादरवणारा ठोका अहवालात निरुपद्रवी दिसतो. म्हणून वारंवारतेच्या पट्ट्यांनुसार वेगवेगळे आकडे मागा, निदान ६३ आणि १२५ हर्ट्झचे तरी.

आवाजाचा अंदाज काढणाऱ्या संगणकाच्या मॉडेलवर मी इथे वेळ घालवत नाही. ते शिकता येतं. एकच सांगतो : प्रत्येक यंत्र एकेकटं मर्यादेत बसवून दाखवणाऱ्या पुरवठादाराला "सगळी एकदम चालू असताना?" हे विचारा. सारखीच चार यंत्रं एकत्र चालली की ६ डेसिबल वाढतात.

खिडक्या बंद ठेवल्या की सगळं ठीक, असं लिहून मोकळं होण्याचा मोह आवरा. उघड्या खिडकीतून आवाज फारतर १० ते १५ डेसिबलने कमी होतो, हे खरं. पण खिडकी बंद म्हटली की हवा कुठून येणार, आणि ती आणणारा पंखा किती आवाज करणार, हेही तुम्हालाच लिहावं लागतं.

शेवटी आम्ही वास्तुविशारदाकडे गेलो. नकाशा पक्का व्हायला दोन आठवडे होते म्हणून ऐकून तरी घेतलं. जिम तळघरात गेलं. मी हुश्श केलं. आठवड्याने नवा नकाशा आला : जिमच्या जागी रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर, आणि त्याचा धुराडा बेडरूमच्या खिडकीपासून चार मीटरवर.