अक्कलदाढ काढल्यावर या चुका टाळा

दाढ काढून घरी आलं की माणूस आधी बेसिन गाठतो. तोंडात रक्ताची चव असते, किळस येते, म्हणून थुंकतो, खळखळून चूळ भरतो. नेमकं तेच करायचं नसतं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरत असते. खालचं हाड आणि नसा तिच्यामुळे झाकल्या जातात. ती निघाली की हाड उघडं पडतं. यालाच डॉक्टर ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात.

म्हणून पहिले २४ तास थुंकणं नाही, चूळ नाही. लाळ गिळून टाका. डॉक्टरांनी जखमेवर ठेवलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा, सारखा काढून बघू नका. लाळेत थोडं रक्त मिसळलं तरी खूप दिसतं, घाबरू नका. भळभळ थांबतच नसेल तर स्वच्छ गॉजची ओली घडी पुन्हा ३० मिनिटं दाबा आणि तरीही वाहत राहिलं तर डॉक्टरांना फोन करा.

शहाळं जरूर प्या, पण पेल्यात ओतून. स्ट्रॉने ओढताना गुठळी सुटू शकते. विडी-सिगारेटचंही तसंच, शिवाय धुरामुळे जखम भरायला वेळ लागतो. तंबाखू आणि मिश्रीबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. माझ्या आत्यानं ‘दोन दिवस झाले की’ म्हणत तिसऱ्या दिवशी मिश्री लावली आणि पुढची रात्र कान धरून बसून काढली. निदान आठवडाभर डबी घरातल्या कुणाकडे तरी देऊन ठेवा.

खड्ड्यात लवंग, हळद किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका. ॲस्पिरिननं हिरडी भाजते. पहिल्या दिवशी गरम शेक नको, गालावर बाहेरून बर्फ धरा, १५ मिनिटं ठेवून तेवढाच वेळ थांबा. कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, त्याही हलक्या. बधिरपणा असेपर्यंत जेवू नका, ओठ चावला तरी कळत नाही. मग गार ताक, मऊ भात, कोमट पेज. चिवडा, शेंगदाणे नकोत.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, तोंडही नीट उघडत नाही. हे अपेक्षितच आहे. पण कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं, ठणका कानापर्यंत गेला, तोंडाला घाण वास आला, तर ड्राय सॉकेटची शंका घ्या. वेदनाशामक गोळ्या वाढवत बसू नका. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात, त्यानं लवकर आराम पडतो. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनानं घेऊ नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तीही मनानं बंद करू नका.

ताप, तिसऱ्या दिवसानंतरही वाढणारी सूज किंवा पू असेल तर त्याच दिवशी दाखवा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा. खालचा ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिरच राहिली, तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा.