जमीन घट्ट झालीय? या चुका टाळा

पाऊस झाला की पीक पिवळं पडतं आणि चार दिवस ऊन तापलं की माना टाकतं. एक ओळ गुडघ्याला लागते, शेजारची घोट्यावरच अडलेली. अशा वेळी हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो, आणि पहिली चूक तिथंच होते.

माती दबली की तिच्यातल्या मोठ्या पोकळ्या आधी मिटतात. पाणी साचतं, हवा संपते, मुळं गुदमरतात. हवा नसली की काही जिवाणू जमिनीतला नत्र वायूरूपात उडवून लावतात. पीक उपाशी दिसतं खरं, पण वरून टाकलेल्या नत्राचीही पुढं तीच गत होते.

म्हणून आधी कुदळ घ्या. ओळीलगत दीड-दोन फूट खड्डा खणून मुळं बघा. सरळ खाली निघालेलं मूळ वीतभर खोलीवर काटकोनात आडवं वळलं असेल, तर कडक थर तिथंच आहे. लोखंडी सळई दाबूनही कळतं: सहज जाते, अडते, जोर लावला की पुन्हा सैल जाते. मात्र जमीन चांगली ओलसर असतानाच हे करा. कोरडी जमीन सगळीच कडक लागते. पेनिट्रोमीटर, म्हणजे मातीचा विरोध मोजणारं यंत्र असेल, तर २ मेगापास्कलच्या आसपास विरोध दिसला की बहुतेक पिकांची मुळं जवळपास थांबतात.

वाफशाआधी ट्रॅक्टर

वाफसा येण्याआधी, म्हणजे माती कामाजोगी सुकण्याआधी, शेतात ट्रॅक्टर घालणं. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ओल्या मातीचे कण एकमेकांवर घसरतात आणि घट्ट बसतात. वरची दोन बोटं माती सुकलेली बघून फसू नका. ज्या खोलीवर अवजार चालणार तिथली मूठभर माती घ्या. दाबल्यावर भुगा झाला तर कामाला लागा; हातावर चिकट वळी वळली तर थांबा. पेरणीची घाई असते हे मान्य, पण दबलेली जमीन पुढच्या कित्येक हंगामांत वसुली करत राहते.

चाकं रुंद केली, टायरमधली हवा कमी केली की काळजी मिटली, असंही नाही. त्यानं वरचा थर वाचतो. खालचा थर किती दबेल हे मुख्यतः आसावरच्या एकूण वजनावर ठरतं, त्यामुळे भरलेली ट्रॉली शेतात फिरवू नका, बांधावर उभी करा. शिवाय सगळ्यात जास्त नुकसान चाकाच्या पहिल्याच फेरीत होतं. तेव्हा दर वेळी नवी वाट काढण्यापेक्षा ठरलेल्याच चाकोरीतून जा.

दरवर्षी एकाच खोलीवर नांगर किंवा रोटाव्हेटर चालवला तर त्याच्या तळाशी कडक थर तयार होतो. वरची माती पिठासारखी मऊ असते, म्हणून तो लक्षातही येत नाही.

सबसॉयलर चालवला, फरक पडला नाही

सबसॉयलर म्हणजे खालचा कडक थर फोडणारं खोल फाळाचं अवजार. तो चालवूनही फरक पडला नसेल, तर बहुधा जमीन ओली होती. ओल्या थरातून फाळ लोण्यातल्या सुरीसारखा जातो; माती तडकत नाही, उलट कडा लिंपल्या जातात. थर कोरडसर असताना आणि फाळ त्याच्या तळापेक्षा बोटभर-दोन बोटं खाली ठेवूनच चालवा. त्याहून खोल गेलात तर डिझेल वाया. जिप्समही फक्त सोडियमनं बिघडलेल्या जमिनीत उपयोगी. चाकांनी दबलेली माती त्यानं सुटत नाही.

थर फोडल्यावर लगेच ताग किंवा तुरीसारखं खोल मुळांचं पीक घ्या, म्हणजे भेगा मुळांनी धरल्या जातात. त्याच हंगामात त्यावरून जड यंत्र फिरवलंत, तर पुढच्या वर्षी पुन्हा कुदळ घेऊन तोच खड्डा खणावा लागेल.